चित्रकथांचीं मूळ पानें : संग्रह आणि साधनविचार

अस्सल कागद आणि त्याची नक्कल यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें समजावून देण्याचें कारण नाहीं. एखाद्या पत्राची नक्कल कितीही शुद्ध उतरली असली तरी मूळ कागदाचा पोत, शाईचा रंग, समासांतील शेरा, पाठीवरची मखलाशी, खोडलेला शब्द आणि घडीची खूण यांस ती मुकते. आणि पुष्कळदां वादाचा निकाल नेमका याच गोष्टींवर लागतो. हा जो नियम आपण राजकीय पत्रव्यवहारास लावतों, तोच विसाव्या शतकांतील एका अगदीं निराळ्या वर्गाच्या कागदांस लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हे कागद म्हणजे अमेरिकेंत आणि बेल्जम-फ्रान्सांत छापल्या गेलेल्या चित्रकथांचीं, ज्यांना सामान्यतः कॉमिक्स म्हणतात त्यांचीं, चित्रकारांच्या हातचीं मूळ पानें होत.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीं हीं पानें छापखान्यांतील केरांत जमा होत. ठसा तयार झाला कीं त्यांचें काम संपे. मग कांहीं फाडलीं जात, कांहीं येणाऱ्या-जाणाऱ्यांस वांटलीं जात, कांहीं कोठारांत कुजत. आज स्थिति पालटली आहे. ‘सीक्रेट वॉर्स’ या मालिकेच्या १९८४ सालच्या ८ व्या अंकांतील, माइक झेक यांनीं काढलेलें एक पान जानेवारी २०२२ मध्यें अमेरिकेंतील एका लिलावांत ३३ लाख ६० हजार डॉलरांस गेलें. इतकें असूनही या पानांविषयीं जें लिहिलें जातें त्यांतील बरेंचसें लिलावाच्या याद्या आणि भक्तांची स्तुति या दोन सदरांत पडतें. पानांची किंमत झाली, परीक्षा मात्र झाली नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, चित्रकथेचें मूळ पान भिंतीवर टांगण्याचें चित्र म्हणून पाहूं नये. ती कृति कशी घडली याचा अस्सल कागद म्हणून तें वाचावें. आणि या कागदाचा एकक पान हा नसून संपूर्ण कथा हा आहे. हें म्हणणें मान्य झाल्यास संग्रहाच्या चालू रीतींतील कांहीं गोष्टी सदोष ठरतात.

प्रथम हे कागद तयार कसे होतात तें पाहूं. अमेरिकन पद्धतींत एक चित्रकार जाड, गुळगुळीत कागदावर शिसपेनीनें चित्र आंखतो. पुष्कळदां दुसरा कारागीर त्यावर शाईनें रेषा पक्की करतो. तिसरा बोलण्याच्या फुग्यांतील अक्षरें लिहितो. चूक झाल्यास ती पांढऱ्या रंगानें झांकतात, अगर दुरुस्त चौकट निराळ्या कागदावर काढून वर चिकटवितात. जुन्या रीतींत मूळ पानावर रंग देत नसत. रंगाची दिग्दर्शक प्रत वेगळी होई. पुढें छायाचित्राच्या साह्यानें पान लहान करून त्याचा ठसा करीत. या क्रियेंत पांढरा लेप, चिकटविलेला तुकडा, फिकट निळी रेघ आणि समासांतील टिपण हीं सर्व गळून केवळ काळी रेषा उरे. म्हणजे छापील पान ही मूळ पानाची शुद्ध केलेली नक्कल होय. आणि शुद्ध करतांना पुरावा पुसला जातो, हा आपल्या शास्त्रांतला नेहमींचा अनुभव आहे. बेल्जियन चित्रकार एर्जे यांच्या चित्रशाळेंत तर काळ्या रेषेचें पान एक आणि त्या रेषेच्या फिकट ठशावर रंग भरलेलें पान दुसरें, असे दोन कागद होत. तेथें मूळ कोणतें म्हणावें हाच पहिला प्रश्न पडतो.

कागदाच्या बाह्यांगावरूनही पुष्कळ कळतें. १९६७ च्या सुमारापर्यंत अमेरिकन चित्रकार छापील पानाच्या सुमारें दुप्पट मापावर काम करीत. पुढें हें माप दीडपटीवर आलें. तेव्हां त्यापूर्वींचें म्हणून दाखविलेलें पान लहान मापाचें निघालें तर संशयास जागा होते. १९५४ सालीं तेथील प्रकाशकांनीं स्वतःवर नियंत्रण घालून घेण्यासाठीं एक मंडळ स्थापिलें. त्याच्या मंजुरीचा शिक्का अनेक पानांच्या पाठीवर आढळतो. अशा शिक्क्यास आपल्याकडील मोर्तबाइतकेंच मोल आहे. माप आकुंचित झाल्यानें चित्रकारांच्या हातावर काय परिणाम झाला, मोठ्या कागदावरची मोकळी रेषा पुढें आंखडली कीं कसें, हा प्रश्नही मूळ पानें शेजारीं शेजारीं ठेवल्यावांचून सुटणार नाहीं.

आतां तीन उदाहरणें घेऊन मूळ कागद काय सांगतो आणि किती सांगतो हें तपासूं.

पहिलें उदाहरण बर्नार्ड क्रिगस्टाइन यांच्या ‘मास्टर रेस’ या कथेचें. ही कथा १९५५ सालीं ‘इम्पॅक्ट’ या मासिकाच्या पहिल्या अंकांत आली. न्यूयॉर्कच्या भुयारी आगगाडींत नाझी छळछावणीच्या एका जुन्या अंमलदाराची आपल्या भूतकाळाशीं गांठ पडते, असें तिचें कथानक आहे. तें संपादक अल फेल्डस्टीन यांचें. चित्रकाराच्या वांट्यास सहा पानें आलीं होतीं. त्यांनीं बारा मागितलीं. अखेर आठांवर तडजोड झाली. या प्रकाशकाकडे निवेदनाचीं व संवादांचीं अक्षरें आधींच लिहिलेले कागद चित्रकाराच्या हातीं पडत. क्रिगस्टाइन यांनीं ते कागद कापले, मजकुराचे तुकडे निराळ्या जागीं चिकटविले, आणि ठराविक रुंद चौकटी मोडून त्यांच्या अरुंद पट्ट्यांची रांग केली. शेवटच्या पानांवर धांवती गाडी आणि तिच्या खिडक्यांतील चेहरे यांची जी विलक्षण पुनरुक्ति आहे, क्षण लांबविल्याचा जो भास होतो, तो या कापाकापीचें फळ होय. छापील पानावर हा परिणाम सहज साधलेला दिसतो. मूळ कागदावर मात्र तो संपादकीय मर्यादेशीं झगडून मिळविलेला आहे हें कळतें. चित्रकाराचें स्वतंत्र कर्तृत्व किती याचा वाद घालावयाचा असेल तर त्याचा पुरावा त्या सांध्यांत आहे.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण तेथें केवळ रसिकतेचा नव्हे तर न्यायाचा प्रश्न आहे. जॅक कर्बी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत मार्व्हल या प्रकाशनसंस्थेसाठीं हजारों पानें काढलीं. त्या संस्थेची रीत अशी कीं, लेखक-संपादक स्टॅन ली यांच्याशीं कथेची स्थूल चर्चा व्हावी, चित्रकारानें संपूर्ण कथा चित्रांत मांडावी, आणि मग संवाद भरले जावेत. छापील अंकावर लेखक म्हणून लींचें आणि चित्रकार म्हणून कर्बींचें नांव येई. परंतु कथा कोणी रचली? १९६४ च्या सुमारापासून कर्बींच्या मूळ पानांच्या समासांत त्यांच्याच हातचीं शिसपेनीचीं टिपणें आढळतात. प्रत्येक चौकटींत काय घडत आहे, पात्राच्या मनांत काय आहे, तें काय बोलत असावें, हें तेथें थोडक्यांत लिहिलेलें असतें. हीं टिपणें छपाईंत येत नसत. अंतिम संवादांशीं तीं ताडून पाहिलीं असतां कोठें ली यांनीं कर्बींचाच आशय सजविला, कोठें तो बदलला, आणि कोठें अगदीं वेगळाच अर्थ घातला, हें चौकटी-चौकटींनीं दाखवितां येतें. येथें ली यांचें लेखन तुच्छ लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या संवादांची चटकदार धाटणी हा त्या मासिकांच्या यशाचा मोठा भाग होता. पण कर्तृत्वाची वांटणी वृद्ध माणसांच्या उत्तरकालीन आठवणींवरून करावयाची कीं त्या वेळच्या समकालीन कागदावरून, असा प्रश्न आल्यास आपलें उत्तर ठरलेलें आहे.

कर्बी १९९४ सालीं वारले. त्यांच्या वारसांनीं हक्कांसाठीं चालविलेल्या खटल्यांत २०११ आणि २०१३ सालीं निकाल संस्थेच्या बाजूनें लागले. २०१४ सालीं उभयतांत तडजोड झाली. न्यायालयापुढील मुख्य मुद्दा हें काम मोबदला देऊन करवून घेतलेलें होतें कीं काय हा होता. कथा कोणाच्या कल्पनेंतून निघाली या ऐतिहासिक प्रश्नाचा तो निकाल नव्हे. तो प्रश्न इतिहासकारांकडेच राहतो, आणि त्याचें मुख्य साधन म्हणजे तो चार बोटें रुंदीचा समास होय. पान चौकटींत बसविण्यासाठीं समास झांकणें, किंवा तें ‘स्वच्छ’ करण्यासाठीं शिसपेनीच्या खुणा पुसणें, याचा अर्थ काय होतो तें यावरून दिसेल.

तिसरें उदाहरण सावधगिरीचें. एर्जे यांच्या ‘द ब्लू लोटस’ या टिनटिनच्या कथेसाठीं १९३६ सालीं केलेलें एक रंगीत मुखपृष्ठ जानेवारी २०२१ मध्यें पॅरिस येथील लिलावांत सुमारें ३२ लाख युरोंस विकलें गेलें. छपाईस फार खर्च येईल म्हणून प्रकाशकानें तें नाकारलें, आणि पुढें एर्जेंनीं तें प्रकाशकाच्या सात वर्षांच्या मुलास दिलें. मुलानें त्याच्या घड्या करून तें खणांत ठेवलें, अशी कुटुंबांतील हकीकत आहे. चित्रावर घड्यांच्या खुणा स्पष्ट आहेत. परंतु कांहीं अभ्यासकांनीं शंका घेतली कीं, त्या घड्या मुलाच्या हातच्या नसून टपालानें पाठवितांना पडल्या असाव्यात. येथें घडी हा कागदाचा पुरावा आणि मुलाची गोष्ट ही बखर. घडी निर्विवाद आहे; ती कोणी घातली हें घडी सांगत नाहीं. संग्राहकांच्या जगांत प्रत्येक पानाबरोबर अशी एखादी सुरस हकीकत फिरत असते आणि तिच्यानें किंमत वाढते. ती टिपून ठेवावी; पण कागदाची साक्ष आणि कागदाविषयींची साक्ष यांची गल्लत करूं नये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. चित्रकथा ही छपाईसाठींच जन्मलेली कला. लक्षावधि वाचकांनीं जें पाहिलें तें छापील पान. तेव्हां कृति म्हणावयाची ती तीच, मूळ पान हें केवळ साधन. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्यानें आमच्या म्हणण्यास बाधा येत नाहीं. मूळ पान ही कृति आहे असें आम्ही म्हणतच नाहीं. तो कृतीच्या घडणीचा दाखला आहे असें म्हणतों. पुष्कळ मूळ पानें एकटीं पाहिलीं तर अपुरीं वाटतात, कारण रंगासाठीं राखलेल्या जागा तेथें कोऱ्या असतात. म्हणूनच छापील प्रतही तितक्याच आस्थेनें जपली पाहिजे. बिल ब्लॅकबियर्ड या गृहस्थांची कामगिरी या बाबतींत मोठी आहे. सूक्ष्मचित्रफिती तयार झाल्या म्हणून अमेरिकेंतील ग्रंथालयें वर्तमानपत्रांचे जुने खंड काढून टाकूं लागलीं, तेव्हां ते मिळविण्यासाठीं त्यांनीं १९६८ सालीं सान फ्रान्सिस्को येथें एक संस्थाच स्थापिली आणि आपलें घर त्या कागदांनीं भरून टाकलें. १९९७-९८ मध्यें तो सुमारें ७५ टनांचा संग्रह सहा मोठ्या मालमोटारींतून ओहायो राज्य विद्यापीठांत गेला. रंगीत छपाईचे खंड टाकून त्यांच्या काळ्या-पांढऱ्या फिती ठेवणें, हें अस्सल फेंकून नक्कल ठेवण्यासारखेंच होतें. मूळ पान आणि छापील पान दोन्ही जवळ असतील तरच तुलना होते, आणि तुलनेवांचून परीक्षा नाहीं.

मग रसग्रहणाचें काय? कागद म्हणून वाचल्यानें रस कमी होतो असें नाहीं. एर्जे यांची छापील रेषा सर्वत्र सारख्या जाडीची, शांत, जणूं एका दमांत ओढलेली अशी दिसते. त्यांचीं शिसपेनीचीं पानें पाहावीं: एका हाताच्या जागीं पांच-दहा रेषा एकमेकींवर आदळत आहेत, कागद घांसून काळा झाला आहे, आणि त्या गर्दींतून निवडून काढलेली एकच रेषा पुढच्या कागदावर उतरली आहे. छापील शांतता ही त्यागानें मिळविलेली आहे असें कळल्यावर तीच रेषा अधिक गोड लागते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. वर सांगितलेलें ३३ लाखांचें पान कुशल हाताचें आहे यांत शंका नाहीं. पण लिलावांत जी किंमत आली ती बव्हंशीं त्यांत स्पायडर-मॅनचा काळा पोशाख कसा मिळाला तें दाखविलें आहे म्हणून आली. बाजार नायक पाहतो. परीक्षकानें हात पाहावा. नायक अज्ञात असलेल्या, कोणी न विचारणाऱ्या कथेंतही काळ्या-पांढऱ्याची तोलदार वांटणी आणि कुंचल्याचा निश्चय यांचीं उत्तम पानें सांपडतात, आणि तीं आज तुलनेनें स्वस्त आहेत. अल्प भांडवलाच्या संग्राहकास ही सूचना उपयोगी पडावी.

आतां मुख्य तक्रार. हीं पानें वांचलीं तीं बव्हंशीं योगायोगानें. व्यंगचित्रकार मॉर्ट वॉकर सांगत असत कीं, ‘क्रेझी कॅट’चीं मूळ चित्रें गळतीचें पाणी टिपण्यासाठीं वापरलेलीं त्यांनीं पाहिलीं, १९७४ सालीं त्यांनीं कनेटिकट संस्थानांत या कलेचें संग्रहालय उघडलें. अनेक स्थलांतरांनंतर तें २००२ सालीं बंद पडलें आणि २००८ सालीं त्याचाही संग्रह ओहायो येथें पोंचला. विन्झर मॅके यांच्या ‘लिटल नेमो’चीं पुष्कळ मूळ पानें १९६६ सालीं, त्यांचा मुलगा जेथें काम करी अशा एका चित्रशाळेंत सांपडलीं. कर्बींचीं पानें परत करण्याचा प्रश्न आला तेव्हां प्रकाशकानें प्रथम केवळ ८८ पानें देऊं केलीं, आणि त्यांसाठीं इतर चित्रकारांहून निराळा, चार पानी करारनामा पुढें केला. दीर्घ वादानंतर १९८७ सालीं सुमारें १९०० पानें परत मिळालीं. त्यांनीं काढलेलीं पानें दहा हजारांवर असावींत असा अंदाज आहे. बाकीचीं पांगलीं.

जीं वांचलीं तीं आतां बाजार पांगवीत आहे. वीस पानांची कथा वीस जणांस विकल्यानें अधिक पैसे येतात. मारामारीचें पान एका देशांत, संवादाचें दुसऱ्या देशांत, आणि ज्यांत नायक नाहीं तें कोठेंतरी अडगळींत. दफ्तराचा रुमाल सोडून सुंदर अक्षराचीं पत्रें तेवढीं निवडून विकावीं, तसाच हा प्रकार आहे. याहून वेगळें होऊं शकतें याचे दाखले आहेत. विल्यम गेन्स या प्रकाशकानें आपल्या ईसी संस्थेच्या मासिकांचीं जवळजवळ सर्व मूळ पानें कोठारांत जपलीं. पुढें रस कॉक्रन यांनीं तीं लिलावांत काढलीं तेव्हां कथा सामान्यतः अखंड ठेवल्या, आणि विक्रीबरोबरच १९७९ पासून त्या मूळ रेषेवरून संपूर्ण मालिकेचें काळें-पांढरें पुनर्मुद्रण केलें. ‘मास्टर रेस’चा अभ्यास आज शक्य आहे याचें एक कारण हेंच. २००८ सालीं एका अनामिक दात्यानें स्टीव्ह डिटको यांचीं ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकाचीं सर्व २४ मूळ पानें अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयास दिलीं. १९६२ सालच्या या अंकांत स्पायडर-मॅनची पहिली कथा आहे, आणि तिच्याबरोबर आज कोणास आठवत नाहींत अशा तीन लहान कथाही आहेत. दात्यानें त्या तीन कथा वगळल्या नाहींत, हें आमच्या मतें त्याच्या दानाइतकेंच मोठें आहे.

खाजगी संग्राहकांस दोष देण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. विद्यापीठें आणि संग्रहालयें या कागदांकडे ढुंकूनही पाहत नव्हतीं तेव्हां ते यांनींच उचलले. १९६७ सालीं पॅरिस येथें या कलेचें गाजलेलें प्रदर्शन झालें. त्यांतही मुख्य भर चौकटींच्या मोठ्या केलेल्या छायाचित्रांवर होता. संग्राहकांकडे आमचें मागणें इतकेंच: पान घ्यावें, पण त्याच्या दोन्ही बाजूंचें, समासासकट, स्पष्ट छायाचित्र अभ्यासकांस खुलें करावें, समास कापूं नये, पांढरा लेप व चिकटविलेले तुकडे काढूं नयेत, शिसपेनीच्या खुणा पुसूं नयेत, पान कोणाकडून आलें याची नोंद ठेवावी, आणि ऐकीव हकीकत निराळी लिहावी, एका कथेचीं पानें निरनिराळ्या हातीं असल्यास निदान त्यांची संयुक्त यादी करावी, आणि अखंड कथा हातीं आली तर ती फोडूं नये.

हा विषय परका वाटणाऱ्या वाचकांनीं घराकडे पाहावें. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवचे ठाकर चित्रकथी एकेका आख्यानाचीं चित्रें क्रमवार पोथींत ठेवीत आणि तीं दाखवीत कथा गात. त्याच धाटणीचीं चित्रें पैठण येथें आढळलीं म्हणून त्यांना पैठणचें नांव मिळालें; पुण्याच्या केळकर संग्रहालयांतही तीं आहेत. पोथींतून निघालेलें एकटें पान आपलें आख्यान विसरतें, आणि प्रसंगीं आपल्या गांवाचें नांवही. अलीकडच्या काळांत दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) यांनीं मराठी मासिकांच्या व दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दोन पिढ्यांची दृष्टि घडविली. १९६७ पासून मुंबईहून निघालेल्या ‘अमर चित्रकथे’साठीं राम वाईरकर, प्रताप मुळीक यांनीं पानेंच्या पानें रंगविलीं. त्यांचे छापील अंक घराघरांत सांपडतील. मूळ कागद कोणाच्या कपाटांत, कोणत्या ठसेवाल्याच्या माळ्यावर आहेत, याची यादी करण्याचें काम पुढें पडलें आहे. जुन्या दफ्तरांसाठीं गांवोगांव हिंडण्याची परंपरा ज्या संशोधकांची आहे, त्यांस या कामाची रीत नव्यानें शिकावयाची नाहीं. बाजारानें या पानांस हात घालण्यापूर्वीं त्यांनीं तें हातीं घ्यावें, एवढीच सूचना करून हा लेख पुरा करतों.